मनःशांती : एक सार्वजनिक उपद्रव

नागर महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात मनःशांती ही साधारणतः एका व्यक्तीला हवी असते आणि ती पुरवण्याचे काम उरलेल्या सर्वांना करावे लागते. यातील 'एक व्यक्ती' बहुधा चाळिशी ओलांडलेली, रक्तदाबाची पहिली गोळी सुरू झालेली आणि पदोन्नतीच्या यादीत आपले नाव शोधून थकलेली असते. 'उरलेले सर्व' या संज्ञेत जोडीदार, मुले, वृद्ध आईवडील, खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड, कामाच्या मावशी आणि, गृहसंकुल मोठे असल्यास, फाटकावरचा पहारेकरी एवढ्यांचा समावेश होतो. अध्यात्मविषयक ग्रंथांत मनःशांतीचा विचार आजवर ती मिळवणाऱ्याच्या बाजूने झालेला आहे, आणि तो विपुल आहे. ती पुरवणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेला ग्रंथ मात्र सहसा आढळत नाही, कारण तो ज्यांनी लिहायचा ते त्या वेळी, आतल्या खोलीत चाललेल्या ध्यानाचा भंग होऊ नये म्हणून, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करण्यासाठी ओट्याशी उभे होते.

पतंजलीच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितलेली आहेत. त्यांतील पहिले अंग यम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच व्रते, आणि दुसरे नियम. आसन तिसऱ्या आणि प्राणायाम चौथ्या क्रमांकावर येतो. यमातील बहुतेक व्रते ही इतरांशी कसे वागावे याविषयीची आहेत: अस्तेय म्हणजे दुसऱ्याचे न घेणे, अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे. आधुनिक साधक ही यादी आदराने वाचतो आणि तिसऱ्या अंगापासून आरंभ करतो. याची कारणे व्यावहारिक आहेत. आसनासाठी चटई विकत मिळते, ती जांभळ्या रंगातही येते आणि सणासुदीला तिच्यावर सवलत असते. यमासाठी विकत घेण्याजोगे काहीच नाही, आणि अपरिग्रहासाठी तर घेतलेलेच परत करावे लागेल, ज्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. शिवाय सोसायटीच्या आवारात दोन गाड्यांची जागा अडवून बसलेल्या सभासदाला अस्तेयाचा अर्थ नीट समजावून सांगायचे ठरवले, तर शांती राहते बाजूला आणि वार्षिक सर्वसाधारण सभा पोलीस ठाण्यात भरवावी लागते. म्हणून पहिली दोन अंगे गृहीत धरून साधक थेट पद्मासनात शिरू पाहतो, आणि गुडघ्याने हरकत घेतल्यावर मांडी घालून बसण्यावर तडजोड करतो.

साधनेच्या वेळेविषयी परंपरेचा कौल ब्राह्ममुहूर्ताच्या बाजूने आहे. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटांचा काळ, आणि सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होणारा मुहूर्त तो ब्राह्ममुहूर्त होय. माणसे दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात अंथरुणाला पाठ टेकत, त्या काळी ही वेळ कोणाला जड जात नसावी. मध्यरात्र उलटेपर्यंत मालिकेचे राहिलेले भाग पाहणाऱ्या घरात मात्र जो माणूस साडेचारला उठायचे ठरवतो, तो एकटा उठत नाही. पहिला गजर त्याच्या पत्नीसाठी वाजतो, दुसरा परीक्षा जवळ आलेल्या मुलासाठी, आणि तिसऱ्या गजराला, घरातील सर्वांनी त्याला हाका मारल्यानंतर, साधक उठतो. त्यानंतर गिझर, नळ, देवघरातील घंटा आणि मोबाइलवरील ओंकाराचा संथ ध्वनी असा क्रम लागतो. हा ध्वनी कानात इअरफोन घालूनही ऐकता येतो, परंतु तसे केल्यास वातावरणनिर्मिती होत नाही, असे साधकांचे मत आहे. साधना संपताच उगवत्या सूर्याचे चित्र आणि त्याखाली मन शांत ठेवण्याविषयीचा सुविचार असा संदेश नातेवाईक, वर्गमित्र, कार्यालय आणि सोसायटी या चारही व्हॉट्सअॅप गटांवर रवाना होतो, आणि ओंकारातूनही जे झोपून राहिले होते ते या संदेशाच्या 'टिंग'ने जागे होतात. २०१४ च्या नोव्हेंबरपासून या व्यवस्थेत निळ्या खुणांची भर पडली, म्हणजे संदेश वाचला गेल्याचे पाठवणाऱ्याला समजू लागले. तेव्हापासून सुविचार कोणी वाचला आणि वाचूनही हात जोडले नाहीत याची नोंद ठेवणे शक्य झाले आहे. अहंकार सोडण्याविषयीच्या सुविचाराला भाचेजावयाने दाद दिली नाही म्हणून दुखावलेले ज्येष्ठ साधक आज प्रत्येक गोतावळ्यात आढळतात.

शांतीसाठी आवाज करावा लागतो, हे तत्त्व अधिक उघडपणे मांडण्याचे श्रेय मुंबईला द्यावे लागेल. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतील एका बागेत मोजक्या मंडळींना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आरंभी सभासद एकमेकांना विनोद सांगत आणि हसत. काही दिवसांतच सांगण्याजोगे विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवायच हसायचे ठरले, आणि हीच या चळवळीची खरी मुहूर्तमेढ ठरली. (मराठी विनोदी लेखकांनी या घटनेची पुरेशी धास्ती घेतलेली दिसत नाही.) सकाळी हात वर करून एका सुरात केलेल्या हसण्याने हसणाऱ्याला बरे वाटते, याविषयी दुमत नाही. बागेसमोरच्या पहिल्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेल्या माणसाला काय वाटते, हा प्रश्न वेगळा, आणि तो काल्पनिकही नाही, कारण कुर्ल्यातील एका हास्यक्लबच्या आवाजाविरुद्धचे गाऱ्हाणे थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. एका पक्षाची मनःशांती ही दुसऱ्या पक्षाच्या अशांतीचे कारण असल्याचा दावा न्यायासनासमोर इतक्या निखळ स्वरूपात क्वचितच आला असेल.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे असे म्हणता येणार नाही. उलट शासनाने शांतता मोजून दिलेली आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढ्याच आवाजाला परवानगी आहे. डेसिबल हे आवाजाची तीव्रता सांगणारे माप होय. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' ठरवता येतो आणि तेथे ही मर्यादा आणखी पाच-पाच डेसिबलने खाली येते. तसे फलक जागोजागी लावलेले आहेत, आणि पुढे रस्ता अडला आहे का, हे पाहण्यासाठी रिक्षाचालक त्याच फलकाखाली हॉर्न वाजवून खात्री करून घेतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. मात्र भक्तीचा आणि संस्कृतीचा भर दहाच्या ठोक्याला ओसरत नाही हे ओळखून वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० च्या आरंभी याहून कल्पक उपाय जाहीर केला: काही चौकांतील सिग्नलना आवाज मोजणारे यंत्र जोडण्यात आले, आणि हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या पुढे गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागली. घाईत असलेल्या शंभर माणसांची सुटका ही त्यांतील सर्वांत उतावळ्या माणसाच्या गप्प बसण्यावर अवलंबून आहे, हे सत्य धर्मग्रंथांनी सांगून पटले नव्हते. ते हिरवा दिवा लांबल्यावर काही मिनिटे पटले.

या पार्श्वभूमीवर, पैसे न घेता आणि हॉर्न न वाजवता मनःशांतीचा मार्ग दाखवणारे इगतपुरीचे विपश्यना केंद्र मराठी मध्यमवर्गाला जवळचे वाटले, यात नवल नाही. विपश्यना या ध्यानविद्येचा आधुनिक इतिहास कार्यालयीन माणसाला विशेष दिलासा देणारा आहे. तिचे ब्रह्मदेशातील आचार्य सयाजी ऊ बा खिन हे कोणी अरण्यवासी मुनी नव्हते. ते त्या देशाचे महालेखापाल, म्हणजे सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख होते, आणि आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना ते ध्यान शिकवीत. जेथे वर्षाअखेरीचे ताळे जुळवले जातात तेथे चित्त स्थिर होऊ शकते, तर ते कोठेही होऊ शकते. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका हे मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य वेदनांवर मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत आणि देशोदेशींच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून ते १९५५ साली ऊ बा खिन यांच्याकडे गेले. तेव्हा केवळ डोकेदुखी बरी करून घ्यायची असेल तर ही जागा नव्हे, असे सांगून आचार्यांनी त्यांना प्रथम परत पाठवले होते. गोयंका १९६९ साली भारतात आले, त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले, आणि १९७६ साली इगतपुरीला 'धम्मगिरी' हे केंद्र उभे राहिले. पुढे मुंबईत गोराईला खांबांवाचून उभ्या असलेल्या भव्य घुमटाचा विश्व विपश्यना पॅगोडा बांधला गेला आणि २००९ साली राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या शेजारीच एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान होते, त्यामुळे अनेक वर्षे खाडीपार जाणाऱ्या एकाच बोटीत मौनासाठी निघालेली आणि उंच पाळण्यात बसून किंचाळण्यासाठी निघालेली अशी दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी बसत, आणि परतीच्या बोटीत कोणाचा चेहरा अधिक मोकळा झाला आहे हे ओळखणे सोपे नसावे.

इगतपुरीला जाणारी रेल्वे कसाऱ्याच्या पुढे थळघाट चढते. हा चढ ३७ फुटांना एक फूट एवढा कडक असल्यामुळे पुढच्या इंजिनाच्या बळावर गाडी वर जात नाही. कसाऱ्याला तिच्या मागे जादा इंजिने जोडली जातात, ज्यांना रेल्वेच्या बोलीत बँकर म्हणतात, आणि ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलत नेऊन तेथे सुटी होऊन माघारी फिरतात. पुढच्या डब्यातल्या प्रवाशाला त्यांचा पत्ताही नसतो. साधकाची गोष्ट याहून वेगळी नाही. दहा दिवसांच्या शिबिरासाठी येण्याजाण्याचे दिवस धरून बारा दिवस घर सोडावे लागते, आणि तो काळ मोकळा करून देणारी माणसे मागच्या बाजूला जोर लावून थांबलेली असतात: मुलाच्या शाळेची पालकसभा कोणी तरी अंगावर घेते, सासूबाईंना फिजिओथेरपीला नेण्याची जबाबदारी दिराकडे जाते, गॅसचा नंबर लावण्याची दुसऱ्याकडे. कार्यालयातही हेच घडते. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सोय केलेली आहे, आणि ती स्तुत्यच म्हटली पाहिजे. विपश्यनेत 'समता' हा महत्त्वाचा शब्द आहे. सुखद संवेदनेने हुरळून न जाता आणि दुःखद संवेदनेने न चिडता दोन्हींकडे सारख्याच तटस्थतेने पाहणे, असा त्याचा अर्थ. संबंधित कारकून रजेवर असताना खिडकीपाशी दाखल्यासाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नागरिकांमध्ये हा गुण शिबिराला न जाताही वाढीस लागल्याचे दिसते.

शिबिराचा दिनक्रम जगभर एकच आहे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते, दुपारचे जेवण अकराला असते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवले जातात. यात एकूण दहा तासांहून अधिक वेळ डोळे मिटून बसण्यात जातो. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे केवळ नाकपुड्यांतून येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे पाहणे, आणि चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना, म्हणजे अंगावरील संवेदनांचे प्रतिक्रियेविना निरीक्षण. मोबाइल, पुस्तक, वही आणि पेन पहिल्याच दिवशी जमा करावे लागते. संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा आणि फळ मिळते, जुन्या साधकाला लिंबूपाणी. रात्रीचे जेवण कोणालाच नाही. आयुष्यभर रात्री नऊला आमटीभात आणि दहाला त्यावर एखादे केळे अशी सवय असलेल्या प्रकृतीला पहिल्या दोन रात्री जी तीव्र संवेदना पोटात जाणवते, तिचे प्रतिक्रियेविना निरीक्षण करणे हीच त्या प्रकृतीची विपश्यना ठरते, आणि ती चौथ्या दिवसाची वाट पाहत नाही.

परंतु या सर्वांहून कठीण ते आर्य मौन. याचा अर्थ केवळ न बोलणे असा नाही. खाणाखुणा, चिठ्ठ्या आणि सहेतुक नजरा यांनाही त्यात मज्जाव आहे. शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसाचे आडनाव, गाव, नोकरी, भाडे की स्वतःची जागा, आणि मुले काय करतात, यांपैकी कशाचाही पत्ता न लागता त्याच्यासोबत नऊ दिवस काढणे ही मराठी स्वभावाची सर्वांत कडक परीक्षा असून, रेल्वेच्या डब्यात ती नऊ मिनिटेसुद्धा कोणी उत्तीर्ण होत नाही. दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावनेचे ध्यान झाल्यावर मौन सुटते, आणि काही क्षणांपूर्वी जेथे पाखराचा आवाज वेगळा ऐकू येत होता तेथे मंगल कार्यालयातील दुसऱ्या पंगतीचा कोलाहल उसळतो. तासाभरात सांगलीचे दोघे एकमेकांचे दूरचे मेहुणे निघतात आणि नाशिकच्या एका गृहस्थाला मुलीसाठी स्थळ सापडते. नऊ दिवसांत ज्या मनाचा तळ दिसू लागला होता असे वाटत होते, ते मन प्रत्यक्षात प्रश्न साठवत होते.

येथे केंद्राविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शिबिराचे शुल्क नसते, राहण्याजेवण्याचा खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो, आणि स्वयंपाकघरात वाढणारे, घंटा वाजवणारे आणि डुलकी लागलेल्याला हळूच उठवणारे 'धम्मसेवक' हे स्वतः एकदा शिबिर केलेले आणि विनामोबदला सेवेला आलेले लोक असतात. म्हणजे दहा दिवस डोळे मिटून बसता यावे यासाठी कोणी तरी डोळे उघडे ठेवून डाळ शिजवली पाहिजे, ही गोष्ट तेथे मान्य झालेली आहे, तिला नाव आहे, आणि ज्याने डोळे मिटले त्याने पुढच्या खेपेला डाळ शिजवावी असा प्रघात आहे. घरी हेच काम चालते. फक्त त्याला नाव नाही आणि आळीपाळीही नाही.

शिबिराहून परतलेल्या साधकाचा काळ हा कुटुंबाच्या दृष्टीने विशेष नाजूक असतो. गोयंकांच्या प्रवचनांतून त्याने 'अनिच्च' हा पाली शब्द आणलेला असतो. जे उत्पन्न होते ते नष्टही होते, म्हणून त्याला चिकटू नये, असा त्याचा आशय. हा शब्द ध्यानात स्वतःच्या गुडघेदुखीला उद्देशून वापरायचा असतो. घरी आल्यावर तो इतरांच्या अडचणींना उद्देशून वापरला जातो. दूध उतू गेले असता साधक प्रसन्न चेहऱ्याने 'अनिच्च' म्हणतो, परंतु शेगडीवर करपलेल्या सायीच्या नित्यतेचा अनुभव जिला घासणी घेऊन येतो, तिला हे तत्त्वज्ञान अपुरे वाटते. विजेचे बिल, मुलाचे गणितातील गुण आणि बायकोचा राग हे सर्व उदय पावून लय पावणारे आहे, असे तो शांतपणे सांगतो, आणि त्याच्या शांतपणामुळे तिसऱ्या गोष्टीचा लय लांबत जातो. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याचा नेम तो पहिला आठवडा कसोशीने पाळतो; या काळात घरातील दूरचित्रवाणी मुकी होते, मिक्सर दुपारवर ढकलला जातो आणि मुलांना खाली खेळायला पाठवले जाते, जेथे ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीखाली ओरडतात. अशा रीतीने अशांती नष्ट होत नाही, तिची जागा तेवढी बदलते. पुढे एक दिवस क्रिकेटचा सामना आणि संध्याकाळची बैठक एकाच वेळी येते, आणि नेमालाही अनिच्चाचा नियम लागू असल्याचे साधकाच्या ध्यानात येते.

ज्यांना बारा दिवस काढता येत नाहीत त्यांच्यासाठी अन्य मार्ग आहेत, परंतु त्यांवर फार थांबण्याचे कारण नाही. मोबाइल अॅपवरून ध्यान शिकवणाऱ्या कंपन्यांपैकी हेडस्पेस २०१० साली आणि 'काम' (Calm) २०१२ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून मोबाइलपासून दूर राहण्याची आठवण मोबाइलनेच करून देण्याची सोय झाली. सलग किती दिवस शांत बसलात हे ही अॅप आकड्यात दाखवतात, आणि तो आकडा तुटू नये या चिंतेने रात्री पावणेबाराला घाईघाईने शांत होणारी माणसे आहेत. अधिक ऐपत असलेले लोक मुळशी, कर्जत किंवा काशीदला दुसरे घर घेतात आणि शनिवारी सकाळी, तोच विचार केलेल्या असंख्य गाड्यांसमवेत, खंडाळ्याच्या घाटात शांततेच्या दिशेने गोगलगायीच्या गतीने सरकतात. तेथे पोहोचल्यावर शांतता फार वाटू लागते म्हणून ब्लूटूथ स्पीकर लावला जातो. मूळच्या गावकऱ्यांना सोमवारची ओढ लागलेली असते.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे आषाढी वारी. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्याला सुमारे तीन आठवडे शांततेचा एक क्षण मिळत नाही: पुढे टाळमृदंग, मागे टाळमृदंग, रात्री कीर्तन, पहाटे काकडा, मधल्या वेळात पाण्याच्या टँकरचा हॉर्न आणि चुकलेल्या माणसांची ध्वनिवर्धकावरची पुकार. पावसात भिजलेल्या तंबूत शंभर जणांच्या घोरण्यात झोपून हा माणूस परत येतो आणि वर्षभर शांत असतो, असे त्याच्या घरचे सांगतात. याची आध्यात्मिक कारणे अधिकारी पुरुषांनी सांगितलेलीच आहेत. एक लौकिक कारण मात्र दिंडीच्या रचनेत दिसते. दिंडी म्हणजे ठरावीक लोकांचा एकत्र चालणारा जथा. त्यात वीणा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहते, ती खाली ठेवली जात नाही, आणि तंबू ठोकणे, पाणी भरणे, पोळ्या लाटणे ही कामेही वाटून घेतलेली असतात. मला जरा शांत बसू द्या, असे तेथे कोणी कोणाला सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्या हातात त्या वेळी कोणी तरी तंबूची दोरी दिलेली असते. पोळ्या लाटणे मात्र तेथेही बव्हंशी बायकांच्याच वाट्याला येते, हे या आदर्शातील व्यंग नोंदवून ठेवलेले बरे.

आता उरतो तो या क्षेत्रातील सर्वांत दुर्लक्षित प्रकार, म्हणजे घरातील गृहिणी स्वतः शिबिराला जाते तो. पुरुष साधक निघतो तेव्हा तो आपली पिशवी भरतो. गृहिणी निघते तेव्हा ती फ्रिज भरते. निघण्यापूर्वीचा पंधरवडा भाजणी, चटण्या आणि वाटणाचे डबे यांत जातो, डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लागतात, दूधवाला, पेपरवाला आणि इस्त्रीवाला यांचे हिशेब भिंतीवर टांगले जातात, आणि मनःशांतीच्या पूर्वतयारीने आलेला थकवा घालवण्यासाठीच पहिले तीन दिवस श्वासाकडे पाहावे लागते. मागे राहिलेले कुटुंब पहिल्या संध्याकाळी फोडणी द्यायला घेते आणि जिऱ्याचा डबा कोठे आहे, हे कोणालाच माहीत नसल्याचे उघड होते. फोन करावा, तर तो केंद्रात जमा आहे. निरोप धाडावा, तर निरोप तातडीच्या कारणासाठीच पोहोचवतात, आणि जिरे त्यात मोडत नाही. मग घरातील तीन शिकलीसवरलेली माणसे, ज्यांतील एक संगणक अभियंता असतो, अठरा डबे उघडून बघतात, त्यांपैकी दोन सांडतात, आणि एकोणिसाव्यात जिरे समजून ओवा सापडतो. त्याच वेळी इगतपुरीला एक स्त्री, वीस वर्षांत पहिल्यांदाच, आपल्याला कोणी हाक मारणार नाही याची खात्री असलेल्या जागेत बसलेली असते. आचार्य श्वासाविषयी काय सांगत आहेत याकडे तिचे लक्ष असेल किंवा नसेल. चित्त स्थिर होण्यासाठी तिला तेवढी खात्रीही पुष्कळ होते.

यावरून काढायचा निष्कर्ष शास्त्राच्या दृष्टीने साधा आहे. मन अस्वस्थ होण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत वासना, क्रोध आणि भविष्याची चिंता यांच्या बरोबरीने 'अगं, ते कुठे ठेवलंय?' या प्रश्नाची गणना करायला हवी होती, आणि ज्यांना तो प्रश्न दिवसातून चाळीस वेळा विचारला जातो त्यांना मनःशांतीची गरज विचारणाऱ्यापेक्षा अधिक आहे, हे मान्य करायला हवे होते. ते न झाल्याने शांती शोधायला जाण्याचा मान आजवर प्रायः चुकीच्या माणसाकडे गेला.

तेव्हा ज्या वाचकांना हा लेख वाचून इगतपुरीची वाट धरावीशी वाटली असेल, त्यांनी या खेपेचा अर्ज घरातल्या त्या दुसऱ्या व्यक्तीला, अर्थातच तिला विचारून, भरू द्यावा. आपला नंबर पुढच्या वर्षी लावावा, आणि जिऱ्याचा डबा कोठे असतो ते आदल्या रात्रीच पाहून ठेवावे.